वेंगुर्ल्याच्या घरात मिळालेला जुना बिलियर्ड्सचा क्यू : दुरुस्ती आणि किंमत यांबाबत सल्ला हवा आहे

वेंगुर्लेकर (प्रश्न)

नमस्कार. गावच्या घराचे वासे बदलताना माळ्यावर काळ्या रंगाचे पत्र्याचे एक लांब नळकांडे मिळाले आणि त्यात बिलियर्ड्सचा एक जुना क्यू, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, निघाला. माझे चुलत आजोबा मुंबईतील एका जिमखान्यात मार्कर, म्हणजे बिलियर्ड्सच्या टेबलांची देखभाल करणारे आणि गुण मांडणारे कर्मचारी, होते. ते निवृत्त होऊन गावी आले तेव्हा तेथील एका सभासदाने त्यांना हा क्यू भेट दिला, असे घरातील मोठी माणसे सांगतात. घरात त्याला सगळे ‘पूलची काठी’ म्हणत आले आहेत, परंतु तो नेमका कोणत्या खेळाचा आहे याचीही मला खात्री नाही.

क्यू अखंड आहे, म्हणजे मधे स्क्रूचा जोड नाही. लांबी ४ फूट ८ इंच आणि वजन ४६० ग्रॅम भरले. दांड्याचे लाकूड फिकट असून त्यावरील काळपट रेषा एका बाजूला बाणाच्या टोकांप्रमाणे एकापुढे एक दिसतात. मुठीचे लाकूड जवळजवळ काळे आहे आणि ते दांड्याच्या फिकट लाकडात चार लांब निमुळत्या जिभांनी शिरलेले आहे. या जिभांची टोके गोलसर आहेत. मुठीच्या शेवटी एक बाजू सपाट तासलेली असून तिच्यात पांढुरकी पट्टी बसवली आहे. पट्टीवर बरोज अँड वॉट्स, सोहो स्क्वेअर, लंडन ही अक्षरे वाचता येतात. त्याखालची ओळ झिजली आहे.

दोष असे आहेत : टोकापासून सुमारे दीड फुटावर थोडा बाक आहे, चारपैकी एका जिभेची कड नख जाईल इतकी सुटली आहे, पट्टीचा एक कोपरा वर आला आहे आणि पॉलिश जागोजागी पांढरे पडले आहे. आमच्या सुतारांचे म्हणणे असे की, बाक असलेला भाग कापावा, सगळा क्यू पॉलिश पेपरने घासून काढावा आणि वरून पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) दोन हात द्यावेत, म्हणजे तो नव्यासारखा होईल. दरम्यान, एका ओळखीच्या गृहस्थांनी आहे त्या स्थितीत ३,००० रुपये देऊ केले आहेत. दुरुस्ती करावी का, किती करावी, आणि ही किंमत योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अलिबागचा खेळाडू

सर्वप्रथम, सुतारांना थांबवा. त्यांचे कौशल्य मी नाकारत नाही. दाराच्या चौकटीला किंवा पाटाला जे योग्य ते या वस्तूला योग्य नाही, इतकेच.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हा पूलचा क्यू नव्हे, तर इंग्लिश बिलियर्ड्स आणि स्नूकर यांसाठी बनवलेला क्यू आहे. पूलचा अमेरिकन पद्धतीचा क्यू सहसा मेपलच्या लाकडाचा, मध्यावर स्क्रूने जोडला जाणारा, मुठीवर बहुधा दोरा गुंडाळलेला आणि टोकाशी १२ ते १३ मिलिमीटर जाड असतो. तुमच्या दांड्यावरील बाणाकृती रेषा म्हणजे ॲश या फिकट परदेशी लाकडाचे वर्षवलय तिरके कापले गेल्याची खूण आहे. मुठीचे काळे लाकूड बहुधा एबनी (आबनूस) असावे. बरोज अँड वॉट्स ही लंडनमधील बिलियर्ड्स टेबले आणि साहित्य बनवणारी कंपनी १८३६ पासूनची असून, भारतातील अनेक जुन्या क्लबांत तिचा माल होता. स्नूकर हा खेळच १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत आकाराला आला असे मानले जाते, तेव्हा इंग्लंडमधील क्यू मुंबईच्या जिमखान्यात असणे आणि तिथून एका मार्करच्या सामानातून वेंगुर्ल्यास येणे यात आश्चर्य काहीच नाही. कोकणातून मुंबईस गेलेल्या किती चाकरमान्यांनी या क्लबांच्या टेबलांची देखभाल केली, गुण मांडले आणि साहेबांच्या क्यूंच्या टिपा (टोकावरील चामड्याच्या चकत्या) बदलल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून तुमच्याकडील ही वस्तू मला विशेष महत्त्वाची वाटते.

जिभांची टोके गोलसर आहेत असे तुम्ही लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने हीच तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आहे. यंत्राने कापून बसवलेल्या जोडात चारही टोके सुईसारखी तीक्ष्ण आणि एकसारखी येतात. हाताने केलेल्या जोडात कारागीर दांड्याच्या चारही बाजू क्रमाने तासून त्यांवर एबनीचे तुकडे चिकटवतो आणि मग रंध्याने गोलाई आणतो. त्यामुळे टोके कमानीसारखी गोल होतात आणि चारही कमानींची उंची तंतोतंत सारखी नसते. चारही बाजूंचे फोटो कृपया येथे टाका.

बाक तपासताना क्यू टेबलावर लोटून पाहू नका. मुठीची एक बाजू सपाट असल्यामुळे असा क्यू सरळ असला तरी डगमगतो, आणि या चाचणीने चांगले क्यू वाकडे ठरवले गेलेले मी पाहिले आहेत. टोक डोळ्याशी धरून दांड्याच्या रेषेत पाहावे आणि क्यू सावकाश फिरवावा. बाक सपाट बाजूच्या दिशेने आहे की आडवा, हे त्यावरून कळेल. थोडा बाक जुन्या क्यूंमध्ये सर्रास असतो आणि खेळणाऱ्याला तो नेहमीच अडचणीचा होतो असे नाही.

कापण्याचा विचार मात्र पूर्ण सोडून द्यावा. दांडा टोकाकडे निमुळता होत जातो. टोकाचे दीड फूट काढल्यास उरलेल्या टोकाची जाडी इतकी होईल की त्याला पुन्हा तासावे लागेल, तोल पूर्णपणे मुठीकडे जाईल आणि मूळ लांबी कायमची जाईल. जुन्या क्यूच्या किमतीत मूळ लांबीला फार महत्त्व असते. ४ फूट ८ इंच ही लांबी पाहता आजवर तुमच्या क्यूचे टोक फारसे कापले गेलेले नसावे.

रत्नागिरी लाकूडकाम

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीच्या अनुभवावरून काही भर घालतो.

पांढरे पडलेले पॉलिश हे बहुधा लाखेचे, म्हणजे चपड्याचे आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि लाखेच्या थरात ओलावा शिरला की तो दुधी दिसू लागतो. खात्री करण्यासाठी मुठीच्या तळाशी, जिथे कोणाचे लक्ष जाणार नाही तिथे, कापसाच्या काडीवर स्पिरीटचा एक थेंब घेऊन टेकवावा. थर चिकट झाला तर ती लाख आहे. मग संपूर्ण पॉलिश काढण्याची गरजच नाही. चपडा स्पिरीटमध्ये पातळ विरघळवून सुती कापडाच्या बोळ्याने अगदी हलका हात फिरवला की जुना थर नव्या थरात मिसळतो आणि दुधी डाग बऱ्याच अंशी जातो. पीयूचे तसे नाही. तो थर जुन्याशी एकजीव होत नाही, आणि पुढे काढायचा झाला तर खरवडूनच काढावा लागतो.

त्याआधी मळ काढावा लागेल. पाणी नको आणि स्पिरीटही नको, कारण त्याने लाख उतरेल. टर्पेंटाइनने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसावे आणि कापड काळे झाले की बदलावे. ॲशच्या रेषांमध्ये हाताचा घाम, टिपेला लावायचा चॉक (खडू) आणि वर्षांचा मळ मुरून जो गडद रंग येतो तो खरवडून काढू नये. जुन्या क्यूचे वय त्यातच दिसते, आणि घासून पांढरा केलेला दांडा जाणकार लांबूनच ओळखतात. स्टील वूल वापरण्याचा सल्ला अनेक ठिकाणी आढळतो, तो कोकणात तरी पाळू नये. ॲशची रंध्रे मोठी असतात, त्यांत पोलादाचे बारीक कण अडकतात आणि खाऱ्या हवेने गंजून लाकडावर काळे ठिपके उठतात.

बाक वाफेने काढण्याची पद्धत तुमच्या कानावर येईल. माझा तिला ठाम विरोध आहे. जुन्या क्यूंचे जोड सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने) केलेले असत, आणि सरस उष्णता व ओलावा एकत्र मिळाले की मऊ होतो. वाफ दांड्याला दिली तरी ऊब मुठीपर्यंत पोहोचते; तुमची एक जीभ आधीच सुटली आहे, उरलेल्या तीनही सुटतील. शिवाय वाफेने सरळ केलेला दांडा आपल्या हवेत पुढच्या पावसाळ्यात बहुधा पुन्हा वाकतो.

सावंतवाडी तुमच्या जवळ आहे आणि तेथील कारागिरांचे लाखकाम प्रसिद्ध आहे, म्हणून एक सूचना आवर्जून करतो. खेळण्यांवर लाख चढवताना वस्तू लेथवर फिरवून घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळवतात. हे कसब मोठे आहे, परंतु क्यूला ती उष्णता आणि लेथची पकड दोन्ही घातक आहेत. तुमच्या कामासाठी त्यांच्याकडून चांगला, भेसळ नसलेला चपडा मिळाला तरी पुरे.

सध्या क्यू त्या पत्र्याच्या नळकांड्यात परत ठेवू नये. आत गंज असेल तर ओलावाही असणार. ते नळकांडे टाकूनही देऊ नका, कारण त्या काळी क्यू अशाच पत्र्याच्या डब्यातून दिले जात आणि मूळ डब्यासह असलेल्या क्यूला अधिक मागणी असते. क्यू सुती खोळीत घालून, भिंतीवर टोक वर आणि दोन ठिकाणी आधार देऊन उभा टांगावा; भिंतीला नुसता टेकवून ठेवला तर बाक वाढेल. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. दांड्यावर टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखा ताजा भुसा दिसतो का, तेही पाहावे. ॲशच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो.

वेंगुर्लेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुतारांना तूर्त नको म्हणून कळवले आहे. भोके किंवा भुसा नाही. चारही कमानींची उंची किंचित कमी-जास्त आहे. स्पिरीटचा थेंब लावताच थर चिकट झाला.

भिंगातून पाहिले असता पट्टीवर अतिशय बारीक, किंचित नागमोडी रेषा दिसतात; काळे ठिपके दिसत नाहीत. ती हस्तिदंताची असू शकेल का? एका नातेवाइकांनी तापवलेली सुई टेकवून पाहण्यास सांगितले आहे. तसे करावे का?

दापोलीकर

तापवलेली सुई कृपया टेकवू नका. त्या काळी हस्तिदंताऐवजी सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जात, आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेते. जी वस्तू ओळखायची तीच जळून जाईल, हात भाजेल तो वेगळाच.

भिंगातून दिसणाऱ्या खुणा थोडक्यात अशा : हाडाच्या पट्टीवर सूक्ष्म काळे ठिपके किंवा चरे दिसतात, कारण हाडात रक्तवाहिन्यांच्या नलिका असतात. सेल्युलॉइडच्या नकली पट्टीवर रेषा असल्या तरी त्या छापल्यासारख्या समांतर आणि एकसारख्या असतात. हस्तिदंताच्या रेषा नैसर्गिक आणि असमान असतात, आणि दात आडवा कापलेल्या पृष्ठभागावर त्या एकमेकींना छेदून जाळी तयार करतात. पातळ पट्टी सहसा उभी कापलेली असल्यामुळे ती जाळी तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही लिहिलेल्या नागमोडी रेषांवरून हस्तिदंताची शक्यता बरीच वाटते, परंतु प्रत्यक्ष न पाहता मी त्यापुढे जाणार नाही.

ही शक्यता असताना किंमत हा विषय दुय्यम ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दाताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार आपल्याकडे बंद झाला. वस्तू कितीही जुनी असली, पट्टी कितीही लहान असली, तरी विक्री करता येत नाही. म्हणून ३,००० रुपये देऊ करणाऱ्या गृहस्थांना आज काहीही उत्तर देऊ नका, आणि येथे अथवा अन्यत्र ‘विकणे आहे’ अशी जाहिरात करू नका. सावंतवाडीस वनखात्याच्या उपवनसंरक्षकांचे कार्यालय आहे. तेथे पट्टीचे फोटो जोडून, वस्तू वारसाने आल्याचे नमूद करून लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. पट्टी काढून टाकून उरलेला क्यू विकावा, असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. पट्टी गेली की कंपनीचे नाव गेले, आणि मग उरते ती एक अनाम जुनी काठी.

आता किंमत कशी ठरते ते सांगतो, कारण तपासणीत पट्टी सेल्युलॉइडची निघाल्यास तुम्हाला त्याचा उपयोग होईल. जुन्या इंग्लिश क्यूंमध्ये संग्राहक सर्वांत आधी पट्टी पाहतात : निर्मात्याचे नाव, खेळाडूचे नाव, विक्रमाचा उल्लेख. म्हणूनच झिजलेली दुसरी ओळ वाचणे आवश्यक आहे. पट्टीला हात न लावता, अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश अगदी आडवा टाकून फोटो काढा. कोरलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. तेथे एखाद्या खेळाडूचे नाव आणि आकडा मिळाला, तर काळही ठरवता येतो. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियाचा बिलियर्ड्सपटू वॉल्टर लिंड्रम याच्या नावाच्या पट्टीवर ४१३७ हा आकडा असेल तर तो क्यू जानेवारी १९३२ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण हा ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) त्याने लंडनमध्ये तेव्हा केला. इंग्लंडचा स्नूकरपटू जो डेव्हिस याच्या नावापुढे १४७ हा ब्रेक असेल तर तो १९५५ किंवा त्यानंतरचा. मात्र असा आकडा फक्त सर्वांत आधीची मर्यादा सांगतो. नंतरही बरीच वर्षे त्याच पट्ट्या लावल्या जात, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर जोड हाताचा आहे की यंत्राचा, लांबी मूळ आहे का, दांडा घासला गेला आहे का, आणि मग बाक. इंग्लंडमधील लिलावांत यंत्रजोडाचे सामान्य क्यू शंभराहून कमी पौंडांत जातात, तर दुर्मीळ पट्टीचे, हातजोडाचे आणि मूळ अवस्थेतील क्यू शेकडो पौंडांपर्यंत पोहोचतात. संकेतस्थळांवर मागितलेली किंमत पाहून कोणताही अंदाज बांधू नये. प्रत्यक्ष विक्री झाली तो आकडाच विचारात घ्यावा. आपल्याकडे या वस्तूंचे संग्राहक फार थोडे आहेत, त्यामुळे भारतात मिळणारा भाव साहजिकच कमी असतो. बाहेर पाठवायचे म्हटले तर आणखी एक कायदा आड येतो : पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. क्यू त्या वयाच्या जवळपास असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागेल.

एक गोष्ट मात्र आजच, विनाखर्च करता येईल. आजोबांच्या नोकरीचा एखादा कागद, जिमखान्याचे पत्र, गणवेशातील फोटो घरात असल्यास तो शोधा, आणि ज्या वडीलधाऱ्यांना क्यूची हकिकत माहीत आहे त्यांच्याकडून ती तारखेसह लिहून, सही घेऊन ठेवा. तोंडी हकिकतीला बाजारात किंमत नसते, परंतु कागदाला असते. आणि विकायचे नसले तरी घराण्याला त्या कागदाचा उपयोग आहेच.

मालवणचा सभासद

मला यात थोडे वेगळे म्हणायचे आहे. क्यू ही खेळण्याची वस्तू आहे. कारागिराने चार कमानी हाताने बसवल्या त्या भिंतीवर टांगण्यासाठी नव्हेत. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी खेळाडू अशाच अखंड ॲशच्या क्यूंनी खेळत होते. किंमत घटेल या भीतीने नवी टिपसुद्धा लावायची नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला पटणार नाही. सुटलेली जीभ चिकटवून, टिप बदलून वेंगुर्लेकरांनी तो हातात धरावा, असे मी सुचवेन. आजोबांनी जिमखान्याच्या बिलियर्ड्सच्या दालनात आयुष्य काढले. त्यांच्या क्यूने घरातील कोणीतरी एकदा तरी खेळले पाहिजे.

अलिबागचा खेळाडू

मालवणच्या सभासदांची भावना मी समजू शकतो, आणि टिप बदलण्यास माझा विरोधही नाही. टिप झिजते आणि बदलली जाते, तिला कोणी मूळ भाग मानत नाही. माझी विनंती इतकीच की, टोकाशी फेरूल (टिपेखालचे धातूचे कडे) नसेल तर नवी पितळी फेरूल बसवू नये. जुन्या बिलियर्ड्स क्यूंना अनेकदा फेरूल नसे, चामड्याची टिप थेट लाकडावर चिकटवली जाई. फेरूल बसवण्यासाठी टोक कापावे आणि तासावे लागते, आणि ते परत मिळत नाही. टिपेचा व्यास टोकाच्या लाकडाएवढाच घ्यावा; मोठी टिप लावून नंतर कडा कापताना बहुतेक वेळा लाकडालाही कानस लागते. आणि खेळताना चेंडू फोडण्याचा जोरकस पहिला फटका टाळावा, कारण ज्या क्यूचा एक जोड सुटलेला होता त्याला तो झटका कशासाठी द्यायचा?

रत्नागिरी लाकूडकाम

जीभ चिकटवण्याविषयी लिहितो, कारण येथे घाई झाली तर नुकसान भरून येत नाही. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद आणि इपॉक्सी दोन्ही वर्ज्य समजावेत. फटीत जुना सरस शिल्लक असतो आणि त्यावर पांढरा गोंद नीट धरत नाही. इपॉक्सी धरते, पण पुढे कधी जोड उघडायची वेळ आली तर लाकूड फाडूनच उघडावा लागतो. गरम सरस जुन्या सरसाला विरघळवून त्याच्याशी एक होतो, म्हणून सरसच वापरावा. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तो पातळ करावा, थेट आचेवर ठेवू नये. पातळ पात्याच्या सुरीने तो फटीत अगदी थोडा उतरवावा, फट बोटांनी दाबून बाहेर आलेला सरस कोमट ओल्या फडक्याने लगेच टिपून घ्यावा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून मुठीभोवती घट्ट, एकसारखी गुंडाळावी. शिकंजा लावू नये; तो एकाच जागी दाबतो आणि एबनीला चीर जाण्याची भीती असते. ट्यूबच्या आत तेलकट कागद ठेवला की रबर चिकटत नाही. पूर्ण दोन दिवस ही रबरी पट्टी सोडू नये.

कंपनीच्या नावाच्या पट्टीचा उचललेला कोपरा मात्र वनखात्याचे उत्तर येईपर्यंत आहे तसाच राहू द्यावा. तोवर त्यावर मऊ सुती फीत सैल बांधावी, म्हणजे कोपरा कशात अडकून तुटणार नाही.

हे सगळे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत करावे. आत्ता पावसात चिकटवलेले लाकूड ओलाव्याने फुगलेल्या स्थितीत बसेल आणि थंडीत आकसल्यावर तीच फट पुन्हा दिसेल. तोपर्यंत क्यू घरातील सर्वांत कोरड्या आतल्या खोलीत, चुलीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर टांगून ठेवावा.